सायकलीतील ‘टक्’चा शोध

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून सायकलीतल्या एका आवाजाविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. साठ वर्षांचा आढावा, गुणवंतांचा गौरव, देणगीदारांचे ऋणनिर्देश हे सारे या समारंभात यथास्थित होतच आहे. परंतु या साठ वर्षांत शाळेच्या फाटकातून जी वस्तू अखंडपणे आत-बाहेर करीत राहिली, ती सायकल होय. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी मधल्या नळीखालून पाय घालून तिरपी सायकल हाणली असेल, कॅरिअरवर धाकट्या भावंडाला बसवून शाळा गाठली असेल, आणि घंटा होऊन गेल्यावर उतरलेली चेन काळ्या बोटांनी बसवीत फाटकाबाहेर उभे राहण्याचा प्रसंगही अनुभवला असेल.

सायकलीचे एक वैशिष्ट्य असे की ती काहीही झाकून ठेवीत नाही. मोटारीचे बॉनेट उघडले तरी आत काय चालले आहे ते सामान्य माणसाला उमगत नाही. मोबाईल तर उघडतही नाही. सायकलीचे मात्र सारे उघड्यावर असते. पायडल, दांडी, दातेरी चाक, चेन, फ्रीव्हील, आरे, ब्रेकचे गट्टे यांतील कोणता भाग कशाला ढकलतो, हे दहा वर्षांच्या मुलाला नुसते पाहून सांगता येते. मुलांच्या हाती येणाऱ्या यंत्रांत असे प्रांजळ यंत्र आता जवळजवळ एकच उरले आहे. आणि तरीही हेच यंत्र कधी कधी असा एक आवाज करू लागते, की घरातले सगळे शहाणे आणि नाक्यावरचा सायकलवाला मिळूनही तो कुठून येतो ते सांगू शकत नाहीत.

माळव्यातील एका शहरात नववीत शिकणाऱ्या मुलीचे उदाहरण घ्यावे. असे उदाहरण कोणत्याही शाळेच्या सायकल-स्टँडवर सापडेल, म्हणून तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. सायकल काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची, आत्याकडून आलेली. घरापासून शाळा चार किलोमीटर आणि वाटेत रेल्वेचा पूल. या पुलाचा चढ लागला की सायकलीतून ‘टक्’ असा आवाज येई. सपाटीवर आवाज नाही, उतारावर नाही. चढावर मात्र टक्, टक्, टक्.

आजोबांनी निदान केले, “अगं, तेल घाल. सायकलीला तेल लागतंच.” शिवणयंत्राची तेलाची बुधली आली आणि चेनपासून घंटीपर्यंत सगळ्यांना तेल मिळाले. दोन दिवस आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. मग सायकलवाल्याकडे फेरी झाली. त्याने मागचे चाक उचलून सायकल स्टँडवर चढवली, हाताने पायडल गरागरा फिरवले आणि कान देऊन म्हटले, “बिटिया, आवाज है कहाँ?” आवाज खरोखरच नव्हता. तरीही पोर एवढे सांगते आहे म्हणून त्याने, पायडलच्या दोन दांड्यांना जोडणारा मधला आस, ज्याला सायकलवाले ‘बीबी’ म्हणतात, तो बदलून दिला. पैसे गेले. दुसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा टक्. तेव्हा वडील म्हणाले, “चालते ना? मग वाजू दे.”

‘चालते ना, मग वाजू दे’ हे वाक्य बहुतेक घरांत उच्चारले जाते, आणि ते सायकलीपुरते राहत नाही. सायकल ही मुलींच्या शिक्षणात किती मोलाची आहे, हे या देशाने पाहिले आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, ती शाळा दूर आहे म्हणून घरी बसणाऱ्या मुलींसाठी. त्याच्या आधी, १९९० नंतरच्या काही वर्षांत, तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. अक्षरे आणि सायकल या दोन गोष्टी तेथे एकत्र शिकविल्या गेल्या, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. परंतु सायकल मिळणे ही अर्धी गोष्ट. ती बिघडली की बंद होते, आणि ती बंद झाली की पुष्कळदा मुलगीही घरी राहते. म्हणून बिघाड ओळखता येणे हा मुलींच्या बाबतीत केवळ छंद नव्हे.

आता सायकलवाल्याच्या दुकानात आवाज का आला नाही, याचा विचार करावा. स्टँडवर चढवलेल्या सायकलीचे पायडल हाताने फिरवताना त्यावर जोर जवळजवळ पडतच नाही. पुलाच्या चढावर मात्र चाळीस किलो वजनाची मुलगी सीटवरून किंचित उठून आपले बहुतेक सगळे वजन एका पायडलवर टाकते. त्या भाराने कुठेतरी केसाएवढी फट उघडते, मिटते, आणि आवाज होतो. दाताच्या डॉक्टरांच्या दारात पोहोचताच दाढ दुखायची थांबते, तसाच हा प्रकार. आवाज भाराखाली जन्मतो आणि भार फक्त स्वाराच्या पायाखाली असतो. सायकलवाला कितीही कसबी असो, दिवसाला पंचवीस सायकली हातांखालून जात असताना तो प्रत्येक सायकल घेऊन पुलावर जाऊ शकत नाही. तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. या प्रकरणातला प्रत्यक्ष साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे सायकल चालवणारी मुलगी. तिची साक्षच अपुरी होती. ‘आवाज येतो’ एवढेच ती सांगत होती.

साक्ष कशी द्यावी, याचा पहिला भाग भाषेचा आहे. मराठीत आवाजांची जी शब्दसंपत्ती आहे तिचा अभिमान बाळगण्यापेक्षा तिचा उपयोग करावा. ‘टक्’ म्हणजे एकच, कोरडा, लहानसा आघात. ‘खट्’ त्याहून जड. तेथे काहीतरी हलते आणि आदळते. ‘कुरकुर’ दोन घट्ट बसलेले पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर सरकताना होते. जुने दार कुरकुरते, कातडी सीटही कुरकुरते. ‘खुळखुळ’ पोकळीत सुटलेल्या वस्तूची. ‘खडखड’ सैल पत्र्याची, म्हणजे बहुधा मडगार्डची. ‘खरखर’ कोरड्या पडलेल्या किंवा माती शिरलेल्या छर्‍यांची. ब्रेकचा गट्टा रिमला घासतो तो ‘चर्र’. घरात आजी-आजोबांच्या तोंडी हे शब्द ऐकलेले मूल जेव्हा ‘खडखड नाही, कुरकुरही नाही, टक् आहे’ असे म्हणते, तेव्हा त्याने नकळत निम्मे संशयित सोडून दिलेले असतात. महाराष्ट्राबाहेर मुलांना मराठी माध्यमात कशाला घालावे, असा प्रश्न पालकांना नेहमी विचारला जातो. त्याची उत्तरे अनेक आहेत. त्यांत एक लहानसे उत्तर हेही असू द्यावे.

यानंतर मूल स्वाभाविकपणे एक चूक करते आणि मोठी माणसेही करतात. आवाज कुठून येतो, हे ते कानाला विचारतात. कान या प्रश्नाचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देतो आणि पुष्कळदा ते खोटे असते. कारण असे की आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे माणूस दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातल्या फरकावरून ओळखतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदूला तो पुरतो. परंतु समोर की मागे, वर की खाली, हे ओळखताना त्याची धांदल उडते, कारण तेथे दोन्ही कानांना आवाज सारखाच पोहोचतो. सायकलीचे बहुतेक सगळे संशयित भाग स्वाराच्या बरोबर खाली, एका उभ्या रेषेत असतात. भरीस भर म्हणजे सायकलीचा सांगाडा पोकळ पोलादी नळ्यांचा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून त्याच्या सुमारे पंधरा पट वेगाने. त्यामुळे एका कोपऱ्यात झालेला ‘टक्’ कानाशी येण्याआधीच सगळा सांगाडा निनादू लागतो. सीटखालची कोरडी नळी वाजते आणि ऐकणारा शपथेवर सांगतो की आवाज पायडलातून आला.

कानाला मदत करण्याचा एक जुना उपाय आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक संशयित भागावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवावी, दुसऱ्याने ब्रेक दाबून उभ्या सायकलीच्या पायडलवर जोर द्यावा. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची घट्ट सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला; तत्त्व तेच. मात्र हा प्रयोग फिरत्या चाकाशी कदापि करू नये. वेण्या, ओढण्या आणि बोटे यांचे फिरत्या चेनशी असलेले वैर सर्वांना ठाऊक आहे.

याहून सोपा आणि याहून बिनचूक मार्ग म्हणजे ‘कुठे’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘केव्हा’ असे विचारणे. कानाला जागा कळत नाही, पण ठोके उत्तम मोजता येतात.

सायकलीत प्रत्येक भागाची फिरण्याची गती वेगळी असते आणि ती दातांच्या संख्येने कायमची ठरलेली असते. समजा, पुढच्या दातेरी चाकाला ४८ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की ४८ दात पुढे सरकतात, म्हणजे मागचे चाक अडीचहून थोडे अधिक, नेमके सांगायचे तर दोन पूर्णांक दोन तृतीयांश वेळा फिरते. पायडलच्या ३ फेऱ्यांत चाकाचे बरोबर ८ फेरे. आता चेन पाहावी. तिच्यात ११२ कड्या असतील तर ती स्वतःभोवती एकदा पुरी फिरायला पायडलचे दोन पूर्णांक एक तृतीयांश फेरे लागतात. पायडलचे ७ फेरे होतात तेव्हा चेनचे ३ होतात. दातांची आणि कड्यांची संख्या प्रत्येक सायकलीत थोडी वेगळी असेल. ती खडूची खूण करून मुलांनी स्वतः मोजावी. पण एकदा ती मोजली की आवाज स्वतःचे नाव सांगू लागतो. पायडलच्या ३ फेऱ्यांत ८ वेळा टक् झाले तर दोष चाकात आहे. सैल आरा असेल, टायरात रुतलेला खडा प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटत असेल, किंवा व्हॉल्व्हचे टोपण रिमवर वाजत असेल. ७ फेऱ्यांत ३ वेळा झाले तर चेनची एखादी कडी जाम झाली आहे आणि दातांवरून जाताना ती वळायला नकार देते आहे. आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा झाले तर पायडल, त्याची दांडी, दातेरी चाक किंवा मधला आस यांपैकी कोणीतरी. पायडल मारणे थांबवून सायकल नुसती सोडली तरी आवाज चालूच राहिला तर तो चाकाचा. थांबला तर चाक बहुधा निर्दोष. (पायडल थांबवल्यावर मागून जी बारीक, भराभर टिकटिक येते तो फ्रीव्हीलच्या आतल्या खटक्यांचा आरोग्याचा आवाज आहे. प्रत्येक आवाज हा रोग नसतो, हे पालकांनी मुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवण्यासारखे आहे.)

गणिताच्या तासाला अपूर्णांक आणि लघुतम साधारण विभाज्य ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या मुलांना सायकल-स्टँडवर न्यावे. त्या मुलीला सातवीतले हे गणित येत होतेच. ते पुलावर चालते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने एके दिवशी चढावर पायडलचे वीस फेरे मोजले. टक्ही वीसच आले.

येथे चाक सुटले, चेन सुटली. परंतु संशयितांची यादी अजून लांब होती, कारण पायडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर स्वत: स्वारही हलत असतो. एक पाय खाली गेला की अंग एका बाजूला झुकते, त्यामुळे सीट दबते, हँडल ओढले जाते, दप्तर डुलते. चपलेच्या पट्ट्याची कडी दांडीवर आपटते. डब्यातला चमचा प्रत्येक फेऱ्याला डब्याच्या भिंतीवर टकटकतो, आणि या चमच्यापायी कित्येक सायकलींचे आस उगाच बदलले गेले असतील.

म्हणून पुढची पायरी तर्काची. भारतीय न्यायशास्त्राने कार्यकारणाचा निर्णय करण्याची जी रीत सांगितली आहे तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे तळ्यात, हा व्यतिरेक. केवळ अन्वयावर भागत नाही. पायडल मारताना आवाज येतो एवढ्यावरून पायडल दोषी ठरत नाही. पायडलवरचा जोर काढला आणि बाकी सारे तसेच ठेवले असता आवाज जातो का, हेही पाहावे लागते. ‘बाकी सारे तसेच’ हे शब्द महत्त्वाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, रहदारी कमी असताना, त्या मुलीने पुलाच्या पाच फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत दप्तर आणि डबा मैत्रिणीकडे ठेवला, टक् आलाच. चमचा सुटला. दुसऱ्या फेरीत चढावर सीटवरून पूर्ण उठून, उभ्याने पायडल मारले. टक् आला, किंबहुना मोठा आला. सीट आणि तिची नळी सुटली. तिसऱ्या फेरीत हँडल मुठीत न आवळता नुसते टेकवून धरले, फरक नाही. चौथ्या फेरीत तिने जोर फक्त उजव्या पायाने दिला आणि डावा पाय पायडलवर नुसता ठेवला. टक् बंद. पाचव्या फेरीत उलट केले. जोर फक्त डाव्या पायाचा. टक्, टक्, टक्.

आता आजोबांच्या तेलाकडे परत वळावे. तेल घातल्यावर दोन दिवस आवाज आला नव्हता, म्हणून तेलाचा गुण खराच असे घरात ठरले होते. मुलीने दिवस आठवून पाहिले. ते शनिवारची सुट्टी आणि रविवार असे जोडून आलेले दोन दिवस होते. सायकल गल्लीत फिरली होती, पूल चढलीच नव्हती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. आपल्या पूर्वजांनी यालाच काकतालीय न्याय असे नाव दिले आहे आणि त्यापासून सावध राहावयास सांगितले आहे. आजोबांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असेल. पण तेल वाईट नाही हो.” हेही खरेच.

दुरुस्तीच्या कामात काकतालीयाची बाधा फार होते. सायकलवाला एकाच बैठकीत तेल घालतो, चार नट आवळतो, चेन ताणतो, एक भाग बदलतो. आवाज गेला तर श्रेय कोणाला, हे कोणालाच कळत नाही, आणि पैसे बदललेल्या भागाचे लागतात. पालकांनी एक साधी सवय ठेवावी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि त्यात झीज किंवा भेग कुठे आहे, ते मुलासमोर पाहावे. जुना भाग ठणठणीत निघाला तर दोष अद्याप सायकलीतच आहे.

एका वेळी एक गोष्ट पारखण्याच्या या शिस्तीचे नाते सायकलीशी जुने आहे. अमेरिकेतील डेटन येथे राइट बंधू सायकली बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा करीत. १९०१ मध्ये त्यांचे ग्लायडर अपेक्षेपेक्षा फारच कमी उचल घेऊ लागले. त्यांनी ज्या तक्त्यांवरून पंख बेतले होते ते प्रसिद्ध तक्ते होते. पंख चुकला, की वारा, की तक्ते? नवे ग्लायडर बांधण्याआधी त्यांनी सायकलीच्या हँडलपुढे एक तिसरे चाक आडवे, मोकळे फिरेल असे बसवले, त्यावर एक सपाट पत्रा आणि पंखाच्या आकाराचा एक लहान नमुना लावला, आणि जोरात पायडल मारून वाऱ्याच्या झोतात चाक कोणीकडे वळते ते पाहिले. त्यातून छापील आकड्यांविषयीचा संशय बळावला. मग त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानातच हवेचा बोगदा बनवून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे उडाले, त्याच्या मागे ही तपासणी आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला ‘कुठल्या भागाचा दोष’ हा प्रश्न रोज पडतो. त्या दोघांनी तो प्रश्न विमानालाही तसाच विचारला.

पुलावरून घरी आल्यावर मुलीने वहीच्या पानावर पाच ओळी लिहिल्या आणि सोमवारी शाळेच्या वाटेवर सायकलवाल्याला त्या हिंदीत वाचून दाखवल्या. आवाज फक्त चढावर. पायडलच्या फेऱ्याला एकदा. सीटवरून उठले तरी येतो. डाव्या पायाने जोर दिला तरच येतो. बीबी बदलण्याआधी होता, नंतरही आहे.

त्याने या वेळी सायकल स्टँडवर चढवली नाही. मागचा ब्रेक दाबून धरला, दोन्ही पायडली आडव्या केल्या आणि खाली बसून बाजूने पाहिले. उजवी आणि डावी दांडी एका सरळ रेषेत असायला हवी. डावी किंचित खाली उतरलेली होती. त्याने डाव्या पायडलवर तळहाताने दाब दिला. खट्. सोडला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा दिला. खट्. “कॉटर,” तो म्हणाला.

जुन्या पद्धतीच्या सायकलींत पायडलची दांडी आसावर एका लहानशा लोखंडी पिनेने बसवलेली असते. तिला कॉटर पिन म्हणतात. तिची एक बाजू उतरती, सपाट घासलेली असते आणि ती पाचरीसारखी ठोकून बसवतात. पुष्कळांचा समज असतो की तिच्या टोकाचा नट आवळला म्हणजे पिन घट्ट झाली. तसे नाही. घट्टपणा हातोडीच्या ठोक्याने येतो, नट केवळ बसलेली पिन निसटू नये म्हणून असतो. मधला आस बदलताना या पिना काढाव्याच लागतात, आणि जुनी, झिजलेली पिन पुन्हा ठोकली तर नव्या आसावर दांडी पुन्हा सैलच राहते. या सायकलीत तेच झाले होते. महागडा भाग बदलला गेला आणि बोटाएवढी पिन जुनीच राहिली.

‘चालते ना’ म्हणणाऱ्या वडिलांना जुनी पिन दाखवण्यात आली. तिच्या सपाट बाजूवर नखात अडकेल एवढी पायरी पडलेली होती. सैल पिनेवर सायकल चालवत राहिले की दांडीचे भोकही झिजत जाते, मग नवी पिनदेखील धरत नाही. आणि एखाद्या दिवशी, चढावर उभे राहून सगळा भार डाव्या पायावर टाकलेला असताना, पिन तुटते किंवा निसटते. दांडी आसावर गर्रकन फिरते, पाय एकदम खाली जातो आणि स्वार पुढच्या बाजूला फेकला जातो. पुलावर मागून ट्रक येत असतात. पुढच्या चिमट्यात किंवा सांगाड्याच्या जोडात पडलेली भेगही सुरुवातीला अशाच बारीक ‘टक्’ने बोलते. वडिलांनी पिन बराच वेळ हातात धरून पाहिली आणि खिशात ठेवली.

सायकलवाल्याने दोन्ही बाजूंच्या पिना नव्या घातल्या, कानशीने त्यांची उतरती बाजू जुळवून घेतली, ठोकल्या, नट आवळले. पैसे घेताना त्याने बजावले की चार दिवस चालवून पुन्हा आणावी, कारण नवी पिन भाराखाली थोडी बसते आणि पुन्हा एकदा ठोकावी लागते. हे पथ्य पुष्कळजण पाळत नाहीत आणि मग पिनेला दोष देतात. मुलीने पाळले. चौथ्या दिवशी पिना पुन्हा ठोकून झाल्या, नट आवळून झाले, पूल नि:शब्द झाला.

तो नि:शब्द झाल्यामुळेच, पुढच्या आठवड्यात, आजवर मोठ्या आवाजाखाली दबून राहिलेला एक अगदी बारीक टक् तिला सपाटीवर ऐकू आला. तिने सायकल थांबवली नाही. चौकापर्यंत ती मोजत गेली. सात फेऱ्यांत तीन.